नावापुढचा आकडा
‘आर्सेनिकम अल्बम ३०’ या शिफारशीची चिकित्सा

औषधाच्या बाटलीवर नाव असते आणि नावापुढे बहुधा एक आकडा असतो. नाव आपण वाचतो, लक्षात ठेवतो, शेजाऱ्याला सांगतो. आकडा मात्र दुकानदारावर सोपवून मोकळे होतो. २०२० साली महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘आर्सेनिक अल्बम’ हे नाव घरोघरी पोहोचले, तेव्हाही हेच झाले. नाव सर्वांना पाठ झाले, पण पुढच्या ‘३०’चा अर्थ कोणी कोणाला सांगितला नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या बाटलीवरची सर्वांत महत्त्वाची माहिती त्या ३०मध्येच होती.

घटनाक्रम थोडक्यात असा. २९ जानेवारी २०२० रोजी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने एक पत्रक काढले. कोरोना विषाणूच्या संसर्गाला प्रतिबंध म्हणून होमिओपथीचे ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ हे औषध रोज एकदा, उपाशी पोटी, तीन दिवस घ्यावे आणि संसर्ग चालू राहिल्यास महिन्याने तसेच पुन्हा घ्यावे, असे त्यात सुचवले होते. पुढे महाराष्ट्राचे तत्कालीन ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण भागातील सुमारे ५ कोटी लोकांना हे औषध मोफत देण्याची घोषणा केली. वित्त आयोगाच्या निधीवरील व्याजाची रक्कम त्यासाठी वापरायची आणि वाटपाची जबाबदारी जिल्हा परिषदांनी घ्यायची, असे ठरले.

ग्रामीण महाराष्ट्र म्हटला की त्यात बीड जिल्हा आलाच. २०११च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार, आणि त्यांतले दर पाचांपैकी चार जण खेड्यांत राहणारे. शिवाय एप्रिल २०२०मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांवर अडकून पडलेले ऊसतोड कामगार बिऱ्हाडासह आपापल्या गावी परतत होते. रोग नवा, लस अजून आलेली नाही आणि माणसे गावाच्या वेशीवर उभी आहेत, अशा वेळी हातात पडणाऱ्या गोळीबरोबर जो मजकूर येतो, त्यावर माणूस आपले वागणे ठरवत असतो. म्हणून त्या मजकुराची चिकित्सा आजही करण्याजोगी आहे. आम्ही ती वैद्यकाच्या कोणत्याही पंथाच्या बाजूने करत नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने असा मजकूर कसा वाचावा, एवढाच आमचा विषय आहे.

नावातला पदार्थ

‘आर्सेनिकम अल्बम’ म्हणजे पांढरे आर्सेनिक. रसायनशास्त्रात त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणतात, आणि मराठीत त्याचे जुने नाव आहे सोमल. त्याचे दोन भाऊबंदही आपल्या परिचयाचे आहेत. आर्सेनिकचे पिवळे सल्फाइड म्हणजे हरताळ आणि तांबूस-नारिंगी सल्फाइड म्हणजे मनशीळ. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप देऊन ती बुजवीत, त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग आला. म्हणजे हे मूलद्रव्य आपल्या बाजारात आणि भाषेत फार पूर्वीपासून वावरते आहे.

सोमल पांढरा असतो, त्याला वास नसतो आणि चवही जवळजवळ नसते. विषप्रयोगांच्या इतिहासात त्याचे नाव वारंवार येते ते यामुळे. प्रौढ माणसाच्या पोटात १०० ते २०० मिलिग्रॅम सोमल गेला तर मृत्यू ओढवू शकतो. चिमूटभर मिठापेक्षाही ही राशी कमी आहे. सुरुवातीला उलट्या आणि भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब होतात, त्यामुळे पूर्वी असे रोगी पटकीचे समजले जात. १८३६ साली जेम्स मार्श यांनी आर्सेनिक ओळखण्याची खात्रीची कसोटी शोधली आणि हा घोटाळा मिटवण्याचे साधन हाती आले.

शरीरात आर्सेनिक काय करते? आपल्या अनेक विकरांच्या रेणूंत गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते. आर्सेनिकचा त्रिसंयुजी अणू तिथे घट्ट चिकटतो आणि विकराचे काम थांबते. अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतील काही महत्त्वाची विकरे अशी बंद पडली की पेशी उपाशी मरतात. मोठी मात्रा एकदम गेली तर हे तासांत घडते. थोडी थोडी मात्रा वर्षानुवर्षे जात राहिली तर अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके उमटतात, तळहात-तळपाय जाड आणि खडबडीत होतात, हातापायांना मुंग्या येतात. पुढे त्वचा, मूत्राशय आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पश्चिम बंगालमध्ये नलिकाकूपांच्या पाण्यामुळे झालेली अशी विषबाधा १९८३ साली डॉ. के. सी. साहा यांनी ओळखली. १९९९ साली गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या भागात, कौडीकसा गावात, भूजलातील आर्सेनिकने बाधित झालेल्या लोकांची नोंद प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादाही तीच आहे.

बीड जिल्हा बेसॉल्टच्या खडकावर वसलेला आहे. तिथल्या भूजलाच्या बाबतीत चिंता असते ती फ्लोराइड आणि नायट्रेट यांची. आर्सेनिक हा तिथल्या विहिरींचा मुख्य प्रश्न नाही. म्हणून त्या जिल्ह्यातील शिक्षकाने आर्सेनिकचा विचार करताना विहिरीपेक्षा बाटलीकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

एक नाव, तीन बाटल्या

बाटलीवर नुसते ‘आर्सेनिक’ असे वाचून तिच्यातून काय मिळेल हे कळत नाही, हे दाखवायला तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवू.

पहिली बाटली कोलकात्याची. २००३ साली दीपंकर चक्रवर्ती, साहा आणि त्यांचे सहकारी यांनी विषशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तीन रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. तिघांनीही आर्सेनिकयुक्त होमिओपथी औषधे घेतली होती, आणि त्यांच्यावरचे आकडे होते ‘१ एक्स’. मधुमेहासाठी ‘आर्सेनिक ब्रोमाइड १ एक्स’ घेणाऱ्या एका रोग्याला सहा दिवसांच्या सेवनानंतर पोटाचा तीव्र विकार झाला, रक्तातील पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू घटले, त्वचा काळवंडून सोलली आणि सुमारे दोन आठवड्यांत चारही हातपाय लुळे पडू लागले. दुसऱ्याने अंगावरच्या पांढऱ्या डागांसाठी पिवळ्या आर्सेनिक सल्फाइडचे, म्हणजे आपल्या हरताळाचे, ‘१ एक्स’ औषध घेतले होते. डाग जाण्याऐवजी आर्सेनिकबाधेचे ठिपके आले. तिघांच्याही पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक नेहमीच्या मर्यादेतच होते, औषधांच्या नमुन्यांत मात्र ते जास्त सापडले.

दुसरी बाटली कर्करोगाच्या रुग्णालयातली. रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारावर आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे आज मान्यताप्राप्त औषध आहे. चीनमधील हार्बिन येथे १९७०च्या दशकात त्याचा वापर सुरू झाला, अमेरिकेत २००० साली त्याला परवानगी मिळाली आणि आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी त्यावर मोलाचे काम केले. तिथे मात्रा ठरलेली असते. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९ मिलिग्रॅम, तेही शिरेतून, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून. तोच सोमल इथे रोग्याचे प्राण वाचवतो.

तिसरी बाटली आपल्या गावात आलेली, ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ची.

पहिल्या बाटलीने माणूस पांगळा होऊ शकतो आणि दुसरीने तो वाचू शकतो. तिसरीत काय आहे, ते आता मोजू. मराठीत ‘मात्रा’ हा शब्द औषधालाही आहे आणि अक्षरावरच्या खुणेलाही. मात्रा बदलली की अर्थ बदलतो, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

माजलगावच्या धरणात एक ग्रॅम

होमिओपथीत मूळ पदार्थ पायरीपायरीने विरल करतात. ‘एक्स’ म्हणजे दशांश, दर पायरीला दहापट विरल. ‘सी’ म्हणजे शतांश, दर पायरीला शंभरपट विरल. भारतात नुसता ‘३०’ लिहिला की तो ३० सी समजायचा असा प्रघात आहे. पत्रकात ते अक्षर नव्हते आणि त्याचा अर्थही नव्हता.

‘१ एक्स’ म्हणजे एकदाच दहापट विरल केलेले. नावाप्रमाणे पाहिले तर अशा १ ग्रॅम औषधात १०० मिलिग्रॅम मूळ संयुग असणार. आर्सेनिक ब्रोमाइडच्या १०० मिलिग्रॅममध्ये आर्सेनिक असते सुमारे २४ मिलिग्रॅम. मर्यादेइतके आर्सेनिक असलेले पाणी कोणी रोज २ लिटर प्यायले, तर एवढे आर्सेनिक पोटात जायला १,२०० दिवस लागतील. कोलकात्याच्या रोग्यांचे काय झाले हे समजायला एवढा गुणाकार पुरे.

‘३० सी’ म्हणजे शंभरपट विरल करण्याची क्रिया ३० वेळा. शंभराचा शंभराशी ३० वेळा गुणाकार केला की १ वर ६० शून्ये येतात. हा आकडा वाचून काही बोध होत नाही, म्हणून आपल्या जिल्ह्यातलेच माप घेऊ.

सिंदफणा नदीवरचे माजलगावचे धरण पूर्ण भरले की त्यात सुमारे ४५ कोटी घनमीटर, म्हणजे ४५,००० कोटी लिटर पाणी असते. त्यात १ ग्रॅम सोमल टाकून तो सगळीकडे सारखा मिसळला अशी कल्पना करू. एक ग्रॅम सोमलात सुमारे ३ वर २१ शून्ये इतके रेणू असतात. धरणातून २०० मिलिलिटरचा पेला भरून घेतला तर त्यात किती रेणू येतील? सुमारे १३० कोटी! आणि तरीही ते पाणी पिण्याला आर्सेनिकच्या दृष्टीने काही हरकत नाही, कारण मान्य मर्यादेपेक्षा ते प्रमाण सुमारे ६० लाख पटींनी कमी आहे. ‘विषाचे अब्जावधी रेणू’ आणि ‘पूर्ण निर्धोक’ ही दोन्ही विधाने एकाच पेल्याबद्दल खरी असू शकतात, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवण्यासारखे आहे.

आता होमिओपथीच्या मोजपट्टीवर हे धरण कुठे बसते ते पाहा. सातव्या आणि आठव्या पायरीच्या मध्ये! पृथ्वीवरच्या सर्व महासागरांचे, सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर, पाणी घेऊन त्यात तो एक ग्रॅम मिसळला, तर आपण बाराव्या पायरीपाशी पोहोचतो. तिथे लिटरभर पाण्यात सोमलाचे दोन-तीन रेणू उरतात. सूर्याच्या वस्तुमानाइतके पाणी कुठून तरी आणले तरी सतरावी पायरी अजून पुढेच असते. आणि आपल्याला जायचे आहे तिसाव्या पायरीवर. तेव्हा ठरलेल्या पद्धतीने बनवलेल्या ‘३०’च्या गोळीत सोमलाचा एकही रेणू असण्याची शक्यता व्यवहारात शून्य आहे. साखरेच्या गोळीत आणि ती ज्याच्याबरोबर गिळली त्या पाण्यात निसर्गतः जे आर्सेनिक असेल, तेच त्या औषधातल्या आर्सेनिकपेक्षा जास्त भरेल.

म्हणजे ‘सरकार लोकांना विष देते आहे’ ही नाव ऐकून वाटणारी भीती निराधार होती. पण गोळी निर्धोक आहे ती तिच्यात औषधी द्रव्य उरलेले नाही म्हणून, हेही त्याच श्वासात सांगायला हवे होते. निर्धोकपणाचे कारण सांगितले नाही की निर्धोकपणाची खूण ‘आर्सेनिकम’ या नावालाच चिकटते. पुढे कोणी तेच नाव सांगून दुकानातून कमी आकड्याची बाटली मागितली, तर काय होऊ शकते हे कोलकात्याच्या तीन रोग्यांनी दाखवले आहे. त्यात भर म्हणजे होमिओपथीच्या परिभाषेत पायरी जितकी वरची तितकी औषधाची ‘पोटेन्सी’ अधिक. सामान्य माणसाला ‘३०’ जालीम आणि ‘१’ सौम्य वाटणार. रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्थिती नेमकी उलटी आहे.

हानेमान यांच्यावर एक अन्याय मात्र होऊ नये. होमिओपथीचे हे जनक स्वतः जाणते रसायनज्ञ होते. १७८६ साली त्यांनी आर्सेनिकच्या विषबाधेवर आणि ती ओळखण्याच्या उपायांवर एक ग्रंथ लिहिला होता. त्यांचा ‘ऑर्गेनॉन’ १८१०चा, ॲव्होगाड्रो यांचे गृहीतक १८११चे, आणि रेणूंच्या आकाराचा व संख्येचा पहिला अंदाज लोश्मिट यांनी बांधला तो १८६५ साली, हानेमान यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. विरल करता करता पदार्थ संपतो कुठे, हे कळायला त्यांच्यापाशी साधनच नव्हते. आपल्यापाशी ते आहे. अकरावीच्या पुस्तकात ‘मोल’ ही संकल्पना शिकवली जाते, आणि हा हिशेब तिथला विद्यार्थी करू शकतो.

पत्रकात काय हवे होते

आमच्या या गणितावर एक आक्षेप येईल आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. होमिओपथीचे समर्थक म्हणतात की त्यांचे औषध रेणूंनी काम करतच नाही, तेव्हा रेणू मोजून काय सिद्ध होणार? ठीक आहे. मग गुण येतो की नाही हे पाहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तुलना. काहींना औषध द्यायचे, काहींना दिसायला तशीच साधी साखरेची गोळी द्यायची. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, घेणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ते कळू द्यायचे नाही, आणि शेवटी रोग किती जणांना झाला ते मोजायचे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली अशा उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. होमिओपथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराच्या बाबतीत आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

जानेवारी २०२०मध्ये कोरोनाचा नवा विषाणू ओळखला जाऊन महिनाही झाला नव्हता. त्याच्यावरच्या प्रतिबंधाची तुलनात्मक चाचणी तेव्हा झालेली असणे शक्यच नव्हते. पत्रकाचा आधार होता तज्ज्ञांच्या मंडळाची शिफारस. त्यात चाचणीचा एकही आकडा नव्हता. आणीबाणीच्या काळात पुरावा अपुरा असतानाही निर्णय घ्यावे लागतात, हे आम्ही मान्य करतो. पण मग ‘याचा उपयोग होतो का, हे अद्याप तपासलेले नाही, म्हणून मुखपट्टी, अंतर आणि हात धुणे यांत कसूर करू नये’ हे वाक्य औषधाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत हवे होते. परगावाहून आलेल्या, एका खोपटात चार-पाच जणांनी राहणाऱ्या कामगाराच्या मनात ‘आपण गोळी घेतली आहे’ हा विश्वास बसला, तर त्याची किंमत गोळीच्या किमतीहून कितीतरी अधिक असते. निरुपद्रवी गोळीचा उपद्रव होतो तो असा.

आणखी एक संधी हातची गेली. पाच कोटी लोकांना औषध एका दिवसात देता येत नाही. वाटप टप्प्याटप्प्यानेच होणार. बीडच्या ११ तालुक्यांतली कोणती गावे पहिल्या टप्प्यात आणि कोणती दुसऱ्या टप्प्यात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले असते, लोकांची संमती घेतली असती आणि दोन्ही गटांतल्या रोग्यांची नोंद सारख्याच काटेकोरपणे ठेवली असती, तर त्या वाटपातूनच एक मोलाची तुलना उभी राहिली असती. साखरेच्या गोळीशी केलेल्या तुलनेची सर त्याला आली नसती, हे खरे. पण काहीच न कळण्यापेक्षा ते कितीतरी बरे होते. औषधाला गुण आहे असे ज्यांना मनापासून वाटत होते, त्यांनी तर ही तुलना आग्रहाने मागायला हवी होती. नंतरच्या काळात या औषधावर जे अभ्यास पुढे आले वा येतील, त्यांनाही हाच प्रश्न विचारावा: कोणाला औषध मिळणार हे कसे ठरवले, आणि तपासणाऱ्याला ते ठाऊक होते का?

इशाऱ्यांचीही तीच गत

शिफारशींवर टीका करताना इशाऱ्यांना मोकळे सोडणे बरोबर नाही. तेही बहुधा नाव सांगतात आणि मात्रा गाळतात.

आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांतील विषारी द्रव्यांची एक यादी आपल्या औषधविषयक नियमांत आहे. तिच्यात सोमल, हरताळ आणि मनशीळ तिन्ही आहेत. ही द्रव्ये असलेल्या, पोटात घेण्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. पण नियम सांगतो की ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत असावी. केज किंवा पाटोद्याच्या बाजारात ती बाटली घेणाऱ्या आजीबाईंना तिच्या स्वतःच्या भाषेत काही सांगण्याची सक्ती नाही. देखरेख कशासाठी, कोणती लक्षणे दिसली तर औषध थांबवायचे, हेही त्या एका ओळीतून कळत नाही.

प्रयोगशाळेकडे वळू. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्रात क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात आर्सेनिकच्या आयनाचा समावेश आहे. हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर परीक्षानळीत पिवळा साका आला की विद्यार्थी वहीत नोंद करतो आणि नळी मोरीत रिकामी करतो. तो पिवळा साका म्हणजे हरताळच. आपण हरताळ तयार केला, हे त्याला कोणी सांगत नाही. हा साका आणि उरलेले द्रावण वेगळ्या बाटलीत साठवावे, मोरीत ओतू नये, हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये, या तीन सूचना ‘आर्सेनिक विषारी आहे’ या एका वाक्यापेक्षा अधिक उपयोगी आहेत.

जस्त आणि विरल आम्ल यांपासून हायड्रोजन तयार करण्याचा प्रयोग तर माध्यमिक शाळेतही होतो. जस्तात किंवा आम्लात आर्सेनिकची भेसळ असेल तर हायड्रोजनबरोबर आर्सीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. मार्श यांची कसोटी याच क्रियेवर आधारलेली आहे. आर्सीन रक्तातील तांबड्या पेशी फोडतो, आणि श्वासावाटे अगदी थोडा गेला तरी घातक ठरतो. म्हणून या प्रयोगासाठी ‘आर्सेनिकमुक्त’ असे लिहिलेलेच जस्त मागवावे आणि प्रयोग खिडक्या उघड्या ठेवून करावा. शाळेच्या कपाटात सोमल किंवा सोडियम आर्सेनाइट अशा नावाची जुनी बाटली असल्यास ती उघडून पाहू नये, ओतून देऊ नये, गाडूही नये. कुलपात ठेवून मुख्याध्यापकांमार्फत तिची रीतसर विल्हेवाट लावावी. आणि कोणाच्या पोटात असे काही गेल्याचा संशय आला, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ न घालवता बाटलीसकट जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. शरीरातील आर्सेनिकला धरून बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती वेळेवर मिळाली तरच उपयोगाची. बाटलीवरचे नाव आणि आकडा या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना हव्या असतात.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

या सगळ्याचा गाभा एका तासिकेत दाखवता येतो, आणि त्यासाठी आर्सेनिकची गरज नाही. ‘विषाची परीक्षा कोण घेणार?’ असे आपण म्हणतो, ते इथे अक्षरशः पाळावे. शिक्षकांनी स्वतः १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. हा पहिला पेला, गर्द जांभळा. त्यातले १ मिलिलिटर घेऊन दुसऱ्या पेल्यातल्या ९९ मिलिलिटर पाण्यात मिसळावे. दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले चौथ्यात. तिसऱ्या पेल्यात फिकट गुलाबी छटा पांढऱ्या कागदावर धरून शोधावी लागते. चौथ्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही.

इथे मुलांना विचारावे, चौथ्या पेल्यात परमँगनेट आहे का? ‘नाही’ असे उत्तर आले तर हिशेब करून दाखवावा. चौथ्या पेल्यातल्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे ३८ लाख कोटी कण आहेत. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. कौडीकसाच्या विहिरीतले पाणीही स्वच्छच दिसत होते. मग विचारावे, असेच पुढे गेलो तर? अकराव्या पेल्यात सगळे मिळून ३८ कण उरतात. बाराव्यात एक तरी असण्याची शक्यता निम्म्याहून कमी. त्यानंतरचे अठरा पेले आपण पाण्यात पाणी मिसळत असतो. ‘३०’ हा तिसावा पेला.

एवढे झाले की मुलांना आयुष मंत्रालयाचे ते पत्रक, एखाद्या कीटकनाशकाचे माहितीपत्रक आणि एखादी टॉनिकची जाहिरात, असे तीन कागद शेजारी ठेवून वाचायला द्यावेत. प्रत्येकाला पाच प्रश्न विचारायचे. पदार्थ नेमका कोणता? किती? शरीरात कोणत्या मार्गाने? किती दिवस? आणि ‘गुण येतो’ किंवा ‘अपाय होतो’ हे कशाशी तुलना करून ठरवले? ज्या कागदात उत्तर मिळत नाही, तिथे पेन्सिलीने रिकामी चौकट काढायची. चौकटी मोजल्या की त्या मजकुराची योग्यता मुलांना आपोआप कळते. हे काम सातवी-आठवीची मुलेही आनंदाने करतील.

२०२०च्या त्या पत्रकाला या पाचांपैकी ‘किती दिवस’ आणि ‘कोणत्या मार्गाने’ या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतात. पदार्थाचे नाव आहे, पण लॅटिनमध्ये, आणि तो सोमल आहे हे वाचकाला कळायला वाव नाही. ‘किती’च्या जागी एक न उलगडलेला आकडा आहे, आणि तुलनेची चौकट पूर्ण रिकामी आहे. पाच कोटी लोकांसाठी वापरलेल्या मजकुरात एवढ्या चौकटी रिकाम्या राहाव्यात आणि त्या भरून द्या असे गावातून कोणी म्हणू नये, याचा थोडा दोष विज्ञान शिकवण्याच्या आपल्या पद्धतीकडेही जातो. मोलची गणिते आपण परीक्षेसाठी सोडवून घेतो. ती औषधाच्या बाटलीवर करून पाहायची असतात, हे सांगायचे राहून जाते.